लवूला आराम पडला

आमच्या अनुपमाचं बारसं झालं ते साल १९८७. त्याच साली माझा धाकटा दीर लवू, अंगात काडीचा ताप नसताना, भर दिवसा झोपून राहिला आणि चारकोपपासून मुलुंडपर्यंत लोकांची झोप उडाली.

लवू गिरणीत होता. संपानंतर गिरणी उघडलीच नाही, तेव्हापासून तो चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये टेम्पो भरायचा आणि रिकामे करायचा. संध्याकाळी कबड्डी. त्याच्यासारखा चढाई करणारा आमच्या बाजूला दुसरा नव्हता. पण एक खोट होती. मध्यंतरापर्यंत वाघ, मध्यंतरानंतर मांजर. दिवसभर गोणी उचललेल्या माणसाचा दम किती पुरणार? पलीकडच्या बाजूला जाऊन कबड्डी कबड्डी म्हणता म्हणता त्याचा आवाज फाटायचा आणि सात जण त्याच्यावर बसायचे.

संघ चालवायचा धोंडू, म्हणजे माझा नवरा. तेव्हा मी नाव घेत नव्हते, आता घेते. हायवेवरच्या एका कारखान्याला कबड्डीच्या संघासाठी एक माणूस हवा होता. नोकरी कायमची, कॅन्टीन, बोनस, सगळं. तिथले सबनीस साहेब रविवारची फायनल बघायला येणार होते. लवूचं वय पुढे सरकत होतं. ही संधी गेली असती तर पुढे टेम्पोच होता.

आमच्या समोरच्या घरात भाऊ राहायचे. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क. सेक्टरातली आमची घरं भिंतीला भिंत लागलेली, मध्ये सगळ्यांचा एक चौक, त्यामुळे भाऊंचा सल्ला कोणालाच चुकायचा नाही. त्यांचे मेहुणे ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला. ते सुट्टीवर आले तेव्हा तिथल्या फुटबॉलची कॅसेट घेऊन आले. भाऊंनी भाड्याने व्हीसीआर आणला आणि सेमीफायनल जिंकून आलेल्या आमच्या संघाला ती दाखवली.

चेंडू बघितला तर सोललेल्या नारळासारखा. माणसं बिनबाह्यांच्या बनियनवर, आणि एकमेकांच्या खांद्यांवर चढून तो नारळ पकडतायत.

"भाऊ, ही दहीहंडी आहे हो!" लवू म्हणाला.

"हस तू. पण त्यांचा दम बघ. शेवटच्या मिनिटाला पण पळतायत. का माहितीये? शनिवारी खेळले की पुढच्या शनिवारपर्यंत सामना नाही. मधे आराम. माझा मेहुणा सांगतो, ज्या टीमला एक दिवस आराम कमी, तिची शेवटी वाट लागते. आणि आपण? संध्याकाळी सामना, सकाळी गोणी!"

धोंडूच्या डोक्यात ते बसलं. दुसऱ्या दिवशी त्याने लवूला फर्मान काढलं, "रविवारपर्यंत तू निजान रव. हलू नको. कामाक जाऊचा नाय."

"अरे दादा, पण मी काय बाळंतीण आहे काय?"

"बाळंतीण कामा करता. तू निजान रव."

जेवणाचं भाऊंनी ठरवलं. तेल नको, तिखट नको, मासळी तर अजिबात नको, पोटाला जड होते. ताकदीसाठी उसाचा रस. सेमीफायनलला लवूचा गुडघा सुजला होता, त्यावर मी दिवसातून दोनदा हळदीचा लेप घालायचे. तो लेप चादरीला लागला, बनियनला लागला, झोपेत डोळे चोळले तर तोंडाला लागला.

आता बाहेरून बघणाऱ्याला काय दिसलं असेल ते सांगते. धडधाकट माणूस भर दिवसा पडलाय. कोकणातला असून मासळी बंद. थोरला भाऊ धोंडू कॅनमधून उसाचा रस आणतो. आणि अंग पिवळं.

शेजारच्या शांताबाई दारात आल्या. "काय गं, लवू कामावर नाही गेला?"

"नाही हो. आराम."

"पडतोय का आराम?"

अनुपमा मांडीवर रडत होती, आणि सकाळपासून कोण ना कोण दारावर येतच होतं. मी वैतागून म्हटलं, "कुठला पडायला! या गडबडीत कसला आराम पडतो?"

मी झोपण्याचं बोलत होते, त्या दुखण्याचं बोलत होत्या. आराम हा शब्दच तसा दुटप्पी. त्या आत डोकावल्या, रसाचा कॅन बघितला, पिवळी चादर बघितली आणि पदर तोंडाला लावून निघून गेल्या.

दुपारपासून लोक लवूला बघायला यायला लागले. आपल्यात आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे जायचंच, नाही गेलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. कोणी शहाळं आणलं, कोणी ग्लुकोजची बिस्किटं. प्रत्येक जण खाटेच्या कडेला बसायचा आणि काविळीने आपलं कोण कोण गेलं ते सांगायचा. लवू "मला काही झालेलं नाही" म्हणाला की ते एकमेकांकडे बघायचे. काविळीत माणूस असंच बोलतो म्हणे. प्रत्येकाशी बोलायचं, प्रत्येकासमोर एक बिस्किट खायचं. संध्याकाळी लवू मला म्हणाला, "वहिनी, यापेक्षा टेम्पो भरणं बरं गं. पाठ मोडते, पण कान तरी शाबूत राहतात."

फायनलला आमच्यासमोर मुलुंडचा संघ होता. त्यांचा कप्तान शिवदास, पकडीत पटाईत. पायाला मगर धरते तसा धरायचा. तोही रीत म्हणून आला, मोसंबी घेऊन. दारातल्या स्टुलावर बसला.

"काय रे लव्या, हे काय करून घेतलंस यार?"

"अरे काही नाही रे. फायनलसाठी आराम करतोय."

"हां हां. कर, कर." शिवदासने मोसंबी लांबूनच सरकवली. मी चहा दिला तर म्हणाला, "नको वहिनी, आज उपवास आहे." वार कुठला, उपवास कुठला, देव जाणे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी शांताबाई त्यांच्या द्रौपदीमावशीला घेऊन आल्या. या मावशी कावीळ उतरवायच्या. परातीत चुन्याचं पाणी करायचं, आजाऱ्याने त्यात हात चोळायचे, मावशी मंत्र म्हणणार आणि कावीळ पाण्यात उतरून पाणी पिवळं होणार. मी मोरीत पोरीला न्हाऊ घालत होते. लवूने नुकताच स्वतःच्या हाताने गुडघ्याला लेप लावला होता. बाया ऐकेनात म्हणून त्या हळदीच्या हातांनीच तो बसला आणि परातीत हात घातले.

पाणी लालभडक झालं.

मावशी मंत्र विसरल्या. "अगो बाय माझे! पिवळी बघितली, काळी ऐकली. ही तांबडी!" असं म्हणून ज्या उठल्या त्या चपला विसरून चौकापर्यंत गेल्या.

मी ओल्या हाताने बाहेर आले, परात बघितली आणि मला हसू आवरेना. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरीला माहीत असतं. पण माझं हसून होईपर्यंत तांबडी कावीळ बस पकडून बोरिवलीला पोचली होती.

शनिवारी सबनीस साहेब स्कूटरवरून आले. स्कूटर चौकाच्या बाहेरच उभी केली, आत नाही आले. रुमाल नाकाला.

"धोंडू, तुमच्या भावाचं ऐकलं. वाईट वाटलं."

"साहेब, तो ठणठणीत आहे हो!"

"असेल. पण आमची मेडिकल कडक असते. मी उद्या येईन, शब्द दिलाय. पण खेळात दम दिसला नाही तर मी उठणार. दुसऱ्याचं नाव माझ्या खिशात आहे."

ते ऐकून लवू खाटेवरून उडी मारून उठला. "आता मेलो तरी झोपत नाही!" नळाला पाणी आलं होतं. त्याने आमचं पाणी भरलं, भाऊंचं भरलं, शांताबाईंची पिंपं भरली, ज्यांनी मागितलं नव्हतं त्यांच्याही घरात कळश्या नेऊन ठेवल्या. मग चौकात बैठका काढल्या, सगळ्यांना दिसतील अशा.

"अरे गाढवा," भाऊ गॅलरीतून ओरडले, "चार दिवसांचा आराम पाण्यात घातलास!"

आणि शांताबाई ओट्यावर उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "बघवत नाही गं. दिवा विझताना मोठा होतो ना, तसं चाललंय."

रविवारी संध्याकाळी मैदान गच्च भरलं. सबनीस साहेब पुढच्या खुर्चीत, मी अनुपमाला घेऊन त्यांच्या शेजारी सतरंजीवर. लवू पहिल्या चढाईला गेला आणि मुलुंडचे सातही जण मागच्या रेषेला जाऊन चिकटले. त्याने हात लांब केला, दोघांना लागला, परत आला. कोणी धरलं नाही. दुसऱ्या चढाईला तेच. शिवदास, ज्याची पकड म्हणजे मगरीची, तो हात पाठीमागे बांधून उभा! लवू जाऊन यायचा जसा माणूस बाजारात जाऊन येतो. मुलुंडचे सगळे बाद होऊन लोण चढला, मग दुसरा चढला. आमची माणसं नाचत होती. भाऊ सगळ्यांना सांगत होते, "आराम! हा आरामाचा परिणाम!"

मध्यंतर झालं आणि सबनीस साहेब उठले.

धोंडू धावत आला. "साहेब, बघितलंत ना? कोण हात लावू शकला नाही!"

"तेच तर! त्याला कोणी पकडतच नाही, तर पकड तोडतो की नाही हे मी कसं बघू? हे काय, कबड्डी आहे का सोवळं? निघतो मी."

मला दुसरं काही सुचलं नाही. मी अनुपमाला उचलली आणि साहेबांच्या हातात दिली. "जरा धरा हो, आलेच." हातात पोर आल्यावर माणूस जातो कुठे? बसले बिचारे खाली.

मी धोंडूच्या खिशातली चुन्याची डबी काढली.

"खंय चललंस गो?"

"मुलुंडवाल्यांना सांगायला."

"सांगू नको! कप हातात आला आहे!"

"कपात भात शिजतो काय?" मी म्हटलं आणि लवूचा दंड धरून त्याला थेट मुलुंडच्या बाजूला नेलं. ती पोरं उठून मागे सरकली.

"शिवदास, इकडे बघ." मी लवूच्या गुडघ्यावरच्या हळदीवर चुना फासला. लाल झाला. मग त्याच्या कोपरावर, जिथे हळद नव्हती, तिथे फासला. पांढराच राहिला. "आता सांग, ही तांबडी कावीळ गुडघ्यालाच झाली काय? हळद आणि चुना मिळून काय होतं, ते तुझ्या आईला विचार."

शिवदासने गुडघा बघितला, कोपर बघितलं, लवूच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून बघितल्या. "च्यायला, हे तर कुंकू!" मग त्याचा चेहरा बदलला. "म्हणजे अर्धा सामना आम्हाला उल्लू बनवलंत?"

"मी तुला काय सांगितलं होतं?" लवू म्हणाला. "आराम करतोय म्हणालो ना? आता धर की मला. तुझ्या पाया पडतो, धर!"

"धरतो. आता बघच."

आणि मग जी झाली ती खरी कबड्डी. मुलुंडची पोरं चिडली होती आणि नुसती उभी राहून ताजीतवानी होती. लवूला उचलून आपटला, गुडघ्यांवर बसले, धुळीत लोळवला. त्यांचे गुण चढत गेले, आमचे थांबले. धोंडू माझ्याकडे बघत नव्हता. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा मुलुंड पाच गुणांनी पुढे.

लवू चढाईला गेला. शिवदासने घोटा धरला, दुसऱ्याने कंबर, आणखी दोघे पाठीवर पडले. आता आवाज फाटणार म्हणून मी डोळे मिटले. पण कबड्डी कबड्डी चालूच. खालून, धुळीतून, घोगरी, पण चालू. डोळे उघडले तर लवू चौघांना ओढत येत होता, होडी वाळूवर ओढतात तसा, इंच इंच. त्याची बोटं मधल्या रेषेला लागली आणि शिट्टी झाली.

चार गुण मिळाले. एका गुणाने कप मुलुंडला गेला.

धोंडू डोकं धरून बसला. सबनीस साहेब मात्र उभे होते, पोर खांद्यावर, आणि एका हाताने मांडीवर थाप मारत होते. "याला म्हणतात दम! सोमवारी पाठवा याला मेडिकलला. आणि ही मुलगी घ्या, शर्टाची वाट लावलीन हिने."

लवू मेडिकलला पास झाला. डॉक्टरने डोळे बघितले तेव्हा तो म्हणे आधीच म्हणाला, "साहेब, हळद आहे."

शेवटपर्यंत दम टिकला कसा, यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. भाऊ म्हणायचे, मेलबर्नचा आराम. धोंडू म्हणायचा, उसाचा रस. शांताबाई म्हणायच्या, द्रौपदीमावशीने उतरवली म्हणून. मला विचाराल तर खाटेवर त्याला क्षणभर आराम मिळाला नाही, लोकांनी मिळू दिला नाही. त्याला आराम मिळाला तो फायनलच्या पहिल्या अर्ध्या डावात, कोणी हात लावला नाही तेवढा वेळ. लवूला हे पटायचं. तो म्हणायचा, "वहिनी, आयुष्यात तेवढीच एक सुट्टी मिळाली, ती पण भर मैदानात."

त्या नोकरीवर त्याचं लग्न झालं, दोन मुलं झाली, आणि त्याच कारखान्यातून तो रिटायर झाला. पुढे खरोखर आजारी पडला तेव्हा लोक परत बघायला आले. शिवदास मुलुंडहून मोसंबी घेऊन आला, या वेळी खाटेवर त्याच्या शेजारी बसला आणि दोन कप चहा प्यायला.

भाऊ १९९८ साली गेले, दिवाळीच्या आधी. लवू २०१५ च्या मार्चमध्ये वारला.