शैलाच्या उजव्या गुडघ्यातून

रविवार, २१ जानेवारी १९९६. सकाळपासून दाट धुकं, बोचरी थंडी, उन्हाचा पत्ता नाही.

मी शैलाच्या उजव्या गुडघ्यातली कूर्चा. तुम्ही मला पाहिलेलं नाही. कानाचा वरचा भाग दुमडून सोडा. जी लगेच सरळ होते ती माझी चुलत बहीण. मी तिच्याहून गुळगुळीत, निळसर पांढरी. हाडावर हाड घासू नये म्हणून त्यांच्या टोकांवर पसरलेली.

शैला आईच्या पोटात होती तेव्हा तिचा बहुतेक सांगाडा आमचाच होता. हळूहळू त्याची हाडं झाली आणि मी सांध्यात उरले. मला रक्तवाहिनी नाही. शैला चालली की मी दाबली जाते, पाय उचलला की फुगते, आणि तेवढ्यात सांध्यातल्या द्रवातून माझं पोट भरतं. मला मज्जातंतूही नाही. झिजताना ओरडता येत नाही. खालचं हाड उघडं पडतं तेव्हा कुठे शैलाला दुखतं. हीच भीती घेऊन मी जगते.

अकोल्याहून लग्न होऊन ती दिल्लीला आली, सरकारी नोकरीत लागली. आर. के. पुरमच्या स्टॉपवर चालती बस धावत पकडायची. रविवारी बुद्धवंदनेला तासभर मांडी घालून बसायची. त्याचं मला काही नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी ती बसमधून पडली आणि माझा एक कपचा उडाला. तो अजून सांध्यात तरंगतो. कधी कुठे अडकेल, नेम नाही.

आज निघताना मुलगी लुंबिनी भांडलीच. "आई, डॉक्टर बोललेत ना, जिना बिल्कुल बंद? आज सगळ्यांसमोर सांग, यार!"

"हळू बोल. तात्यारावांना कळलं तर दौऱ्यांचं काम गेलंच म्हणून समज."

तात्याराव तिच्याच ऑफिसातले, आजच्या सोडतीलाही येणारे. तपासणीच्या दौऱ्यांसाठी या दोघांचीच नावं पुढे आहेत, आणि शैला त्या कामाची कित्येक वर्षं वाट पाहतेय.

आज गुडगावला, महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या सरकारी नोकरांच्या सोसायटीत घरांची सोडत होती. वर चार मजले, लिफ्ट नाही. शैलाचे यजमान रावसाहेब पुढच्या वर्षी निवृत्त होणार, क्वार्टर सुटणार, म्हणजे उरलेलं आयुष्य इथेच. ज्याला जिना झेपत नाही त्यानं सोडतीआधी उभं राहून सांगायचं, त्याला तळमजला, असं ठरलं होतं.

आधी सगळे घरं बघायला वर गेले. शैलाही गेली, कठडा नसलेल्या जिन्यावरून.

"चौथा मिळाला की गच्ची आपली!" रावसाहेब खुशीत होते. "कुंडीत संत्रं लावू."

"दिल्लीच्या थंडीत? ते तुमच्याकडे बघून रडेल."

उतरताना माझ्यावर फार भार येतो. अर्ध्या जिन्यात कपचा अडकला. गुडघा वाकेना, सरळही होईना. शैला भिंतीला टेकली.

"काय झालं गं?"

"काही नाही. चप्पल सरकली."

रावसाहेबांनी खाली पाहिलं. शैलानं बूट घातले होते.

तिनं गुडघा चोळला, कपचा सरकला, ती खाली आली. मंडपात अध्यक्ष खंडेरावांनी विचारलं, "कुणाला जिन्याची अडचण? चिठ्ठी उघडल्यावर बदल नाही हं!"

शैलाचा हात गुडघ्यावरून जरासा उचलला गेला.

"ताई, तुम्ही?" तात्याराव हसले. "अहो, तुम्ही तर डीटीसीच्या बसला हरवता!"

सगळा मंडप हसला. हात परत गुडघ्यावर आला, अगदी माझ्यावर.

मी काय करणार? तुम्हालाच विनवते, माझ्या बहिणी तुमच्याही गुडघ्यांत आहेत. त्यांना रोज थोडं चालवा, पण दुखत नाही म्हणून गृहीत धरू नका. आम्ही झिजलो की पुन्हा पहिल्यासारख्या होत नाही.

तेवढ्यात रावसाहेब उभे राहिले. "मला अडचण आहे. माझे गुडघे गेलेत."

"कधीपासून?" शैला पुटपुटली.

"आत्तापासून. तू गप बस."

खंडेरावांनी नाव लिहून घेतलं. तळमजला, सदनिका क्रमांक तीन.