क्लोरीन नसलेलं मीठ

जीपारा पहिल्यांदा मीठ आणायला कोठीत गेली तेव्हा तिने पोत्याकडे धड पाहिलंही नव्हतं. सासऱ्यांच्या साठीचं जेवण होतं. अंगणात मोठ्या कढईत घोड्याचं मांस शिजत होतं, आणि सासूबाईंनी, ज्यांना सगळं गाव 'अपा' म्हणायचं, एका दमात तिला चार कामं सांगितली होती. स्वयंपाकघरातलं मीठ संपलं होतं. तिने अंधाऱ्या कोठीत कोपऱ्यातल्या उघड्या पोत्यात हात घातला, बोटांना खडे लागले, पातेलं भरलं आणि पळत जाऊन कढईपाशी दिलं. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. नव्या सुनेने चालायचं नसतं, पळायचंच असतं.

पुलावासाठी मीठ हवं म्हणून ती पुन्हा गेली, तेव्हा कोणीतरी चहाचा समोवार बाहेर काढताना दार सताड उघडं टाकलं होतं. उन्हाचा पट्टा थेट पोत्यावर पडला होता. त्यावरचे रशियन शब्द घासून पार गेले होते. खाली ठसठशीत अक्षरं तेवढी उरली होती: NaNO₂.

पातेलं तिच्या हातातच राहिलं.

Na म्हणजे सोडियम, एवढं तिला झोपेतही सांगता आलं असतं. पण मीठ असेल तर पुढे Cl पाहिजे. हा N कुठून आला? नायट्रोजन. आणि ऑक्सिजन, खाली बारीक दोन. ती पुन्हा पुन्हा वाचत राहिली, जणू नीट वाचलं तर क्लोरीन कुठून तरी उगवेल.

शाळेत ती रसायनशास्त्रात जेमतेम काठावर पास झाली होती. पण शिकवणाऱ्या सुयूम एजे, म्हणजे सुयूम बाई, फळ्यावर खडू आपटून जे सांगायच्या ते विसरणं शक्य नव्हतं. "एकटं सोडियम पाण्यात पडलं तर पेटतं. एकटा क्लोरीन हुंगला तर फुप्फुसं जातात. आणि दोघं एकत्र नांदली की आपण तेच भाकरीबरोबर खातो! म्हणून पोरींनो, पहिलं अक्षर ओळखीचं निघालं की हुरळू नका. पुढचं वाचा."

पुढचं वाचलं होतं. त्याचा अर्थ मात्र आठवत नव्हता.

तिने नवऱ्याला फोन लावला. एर्मेक पाहुण्यांना आणायला घाटाकडे गेला होता, फोन लागेना. मग ती अपांकडे गेली. अपा बायकांच्या घोळक्यात पीठ मळत बसल्या होत्या.

"अपा, कोठीतल्या त्या पोत्यात... मला वाटतं ते मीठ नाहीये."

"मीठ नाही तर काय साखर आहे?"

"पोत्यावर दुसरंच लिहिलंय. रसायन आहे काहीतरी."

शेजारची बुरूल काकू खदखदून हसली. "अगं, माझे बटाटे सिमेंटच्या पोत्यात आहेत. मग काय, बटाट्यांनी भिंत बांधू?"

सगळ्या हसल्या. बोलणं खरंही होतं. या गावात रिकामं पोतं कोणी टाकत नाही. खताच्या पोत्यात लोकर, लोकरीच्या पोत्यात कांदे. अक्षरं पोत्याची, माल कोणाचाही. जीपाराचे कान तापले.

अपा हसल्या नाहीत. त्यांनी पिठाचे हात झटकले आणि हळूच म्हणाल्या, "हे बघ, घोडा कापलाय. दीडशे माणूस यायचंय. तुझी खात्री आहे का?"

"नाही," जीपारा म्हणाली.

"मग खात्री झाल्यावर बोल. तोवर तोंडातून अवाक्षर काढू नकोस."

खात्री! ती घरामागे गेली आणि माहेरच्या गावी सुयूम एजेंना फोन लावला. एजे वर्गात होत्या. मागे पोरांचा गलका ऐकू येत होता.

"कोण जीपारा? लग्न झाल्यावर आज आठवण झाली का गं?"

"एजे, Na, N, O आणि खाली दोन. खाल्लं तर काय होतं?"

पलीकडचा गलका एकदम थांबला. बहुतेक एजेंनी हात वर केला असावा.

"कोणी खाल्लंय?"

"अजून नाही. म्हणजे, माहीत नाही. रश्श्यात पडलंय. पण पोत्यात खरंच तेच आहे की साधं मीठ, कळत नाही."

"लोणच्याचा कडक सिरका आहे ना घरात? दोन वाट्या घे. एकीत चिमूटभर घरचं मीठ, दुसरीत ते. उघड्यावर जा, वरून सिरका ओत आणि तोंड लांब ठेव. मिठाला काही होणार नाही. दुसऱ्या वाटीतून तपकिरी धूर आला तर ती कढई कोणाच्या तोंडी लागू देऊ नकोस. ते पोटात गेलं की रक्तातला प्राणवायूच पळवतं. ओठ निळे पडतात. जा, पळ!"

घरचं मीठ तर संपलेलं. तिने पाहुण्यांसाठी अंथरलेल्या जेवणाच्या चादरीवर आधीच भरून ठेवलेली मिठाची वाटी उचलली, दुसऱ्या वाटीत पोत्यातलं चिमूटभर घेतलं, भिंतीच्या आडोशाला दोन्ही वाट्या मांडल्या आणि सिरका ओतला. पहिली वाटी गप्प राहिली. दुसरीत बुडबुडे आले, फसफस झाली आणि काठावरून तपकिरी, घसा धरणारा धूर वर चढला.

ते पातेलं तिनेच नेऊन दिलं होतं. स्वतःच्या हाताने.

ती अंगणात धावली. कढईपाशी सासऱ्यांचे थोरले भाऊ उभे होते. दर जेवणाला कढई त्यांच्याच ताब्यात असायची, आणि त्यांच्याआधी कोणी चाखायचं नाही असा रिवाज होता. त्यांच्या हातात वाडगा होता आणि तो ओठांना लागला होता.

सुनेने सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. जीपाराने आजवर त्यांना 'मोठे आबा'च म्हटलं होतं.

"जुमाश आबा, पिऊ नका!"

बायकांनी तोंडाला हात लावला. विष वगैरे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. सुनेने सासऱ्याच्या भावाला नावाने हाक मारली, तेवढंच सगळ्यांनी ऐकलं.

"वा!" जुमाश आबा म्हणाले. "लहान भाऊ साठीचा झाला, आता सुना आम्हाला नावाने बोलावणार! हा दुसरा वाडगा आहे पोरी, आणि अजून अळणीच आहे." ते हसले आणि कपाळ दाबत बाकावर टेकले. "डोकं मात्र ठणकतंय. धुराने असेल."

जीपारा त्यांच्या ओठांकडे बघत होती. रंग चुलीच्या धुराचा नव्हता. करडा, त्यावर निळसर झाक. नखंही तशीच.

अपा तिच्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी भिंतीकडच्या वाटीतून निघणारा धूर पाहिला, मग दिराचं तोंड पाहिलं. पाण्याची बादली उचलली आणि सरळ चुलीत ओतली. वाफेचा लोट उठला.

"कढईला कोणी हात लावायचा नाही! पोरांना घरात घ्या. गाडी काढा कोणीतरी!"

जिल्ह्याच्या दवाखान्याच्या वाटेवर जुमाश आबांचं डोकं जीपाराच्या मांडीवर होतं. त्यांचा श्वास तोकडा होत चालला होता. ती फोनवर डॉक्टरला तीच चार अक्षरं पुन्हा पुन्हा सांगत होती, रशियन नावं आठवेनात म्हणून नुसती अक्षरं. एखादं चुकलं तर? खाली दोनच होते ना, तीन तर नव्हते? पोतं सोबत का नाही घेतलं? डोळे मिटून ती ते पोतं आठवत होती, आणि दरवेळी अक्षरं जरा वेगळी दिसत होती.

पण डॉक्टर तयारीत उभे होते. शिरेतून गडद निळं औषध गेलं आणि थोड्या वेळाने आबांचे ओठ हळूहळू माणसासारखे झाले. डोळे उघडून त्यांनी पहिलं वाक्य काढलं, "तरी म्हटलं, इतकं मीठ घालूनही चव का येत नाही."

भिंतीला टेकलेली जीपारा तिथेच खाली बसली आणि डोक्याच्या रुमालात तोंड खुपसून रडली.

संध्याकाळी ती परतली तेव्हा पाहुणे चहा, बोर्सोक म्हणजे पिठाचे तळलेले गोळे आणि शेजाऱ्यांनी आणलेली साय यांवर भागवून निघून गेले होते. एर्मेक गाडीपाशीच उभा होता. ते पोतं त्याचंच. हिवाळ्यात बांधकामावर होता, तिथे काँक्रीट गोठू नये म्हणून ते घालायचे. उरलेलं त्याने पायऱ्यांवरच्या बर्फासाठी आणलं होतं. "मुकादमही त्याला मीठच म्हणायचा," तो पुटपुटला.

अपा घरी नव्हत्या. ओढ्यापलीकडे, जिथे सगळं मांस खोल पुरलं होतं, तिथे काठी घेऊन बसल्या होत्या. गावातली कुत्री लांबून घिरट्या घालत होती. जीपारा चहाचा वाडगा घेऊन गेली.

"बस," अपा म्हणाल्या. जीपाराने वाडगा त्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसली.

"तुम्ही मला खात्री विचारलीत तेव्हाच ओरडले असते तर—" जीपारा म्हणाली.

"तेव्हा मी ऐकलं नसतं," अपा म्हणाल्या. "आणि तुझं चुकलं असतं, मांस चांगलं असूनही वाया गेलं असतं, तर मी तुला माहेरी धाडलं असतं. खोटं कशाला बोलू?"

"माहीत होतं मला, अपा."

"माहीत असून ओरडलीस?"

जीपाराने मान डोलावली. एक काळं कुत्रं जरा जवळ आलं, तशी अपांनी काठी आपटली.

"थंडी पडेल," त्या म्हणाल्या. "घरातून माझी शाल आण. तुझीही आण. उद्या एर्मेक वर दगड रचेल, तोवर आपल्यालाच बसायचंय."