आत्याबाईंची तपासणी

शाळेच्या आवारात कोणते प्राणी चालतील आणि कोणते नाहीत, हे शहराने एकदाचं ठरवलं. मांजर चालेल, ससा चालेल, काचेच्या पेटीतले मासे चालतील. पोपट चालेल, पण बोलणारा नको. तो काय बोलेल याची जबाबदारी कोणी घ्यायची? कासवाला परवानगी आहे, मात्र ते आवारात मोकाट धावता कामा नये. बाकीचे सगळे 'असाधारण', आणि असाधारण प्राण्यांची महिनाअखेर विल्हेवाट. ज्यांनी हे लिहिलं त्यांनी कासव पाहिलेलं नसावं, असं मी शिक्षकांच्या खोलीत म्हटलं. कोणी हसलं नाही, कारण खिडकीबाहेर आत्याबाई उभ्या होत्या.

आत्याबाई म्हणजे आमचा राजहंस. चित्रात कमळांशेजारी तरंगतो तो नव्हे. या अंगाने दांडग्या, चालीने फेंगड्या आणि स्वभावाने भांडकुदळ. म्हाताऱ्या पहारेकऱ्याने त्यांना पिल्लू असताना आणलं होतं. तो गेला, त्याची जागा काही भरली गेली नाही, आणि त्याचं काम आत्याबाईंनी बिनपगारी अंगावर घेतलं. अनोळखी माणसाने फाटकात पाऊल टाकायचा अवकाश, मान जमिनीलगत ताणून त्या अशा काही ओरडत की अख्खी शाळा डोक्यावर घेत. बाकं विकायला आलेला एक गृहस्थ भिंतीवर चढून बसला होता. मोठ्या बाईंच्या, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांच्या, जावयाला तर त्या पोटरीला कडकडून चावल्या. तेव्हापासून मोठ्या बाईंचा त्यांच्यावर जीव.

माझाही होता, पण तो मी दाखवत नसे. संध्याकाळी मी दुसरीच्या वर्गाला कुलूप लावून निघाले की त्या फाटकापर्यंत माझ्या मागे कुरकुरत यायच्या. एवढा उशीर का, छत्री कुठे, असंच काहीसं. घरी मला रागावणारं आता कोणी उरलेलं नाही. त्यामुळे ते बरं वाटायचं.

मोठ्या बाईंनी तो नियम कीस काढून वाचला आणि त्यात एक फट शोधली. राखणीचं काम करणारा प्राणी असाधारण धरू नये. खात्रीसाठी शहराचा माणूस अनोळखी म्हणून आत येईल, प्राण्याने आरडाओरडा करावा, की झालं. आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ही परीक्षा आत्याबाई झोपेत पास झाल्या असत्या.

मी वर्गात सांगितलं की पुढच्या आठवड्यात आत्याबाईंची तपासणी आहे, साहेब येणार आहेत, पास झाल्या तर राहतील, नाहीतर जातील. काय तपासणार, ते सांगितलं नाही. दुसरीच्या मुलांना कशाला हव्यात त्या भानगडी, असं वाटलं.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मुलांनी फाटकाजवळ एक खेळ मांडला होता. वर्गाची मॉनिटर, जिचे पुढचे दोन्ही दात पडलेले आहेत, ती कोणाच्या तरी बापाचा कोट घालून, काखेत पिशवी मारून आत यायची. बाकीची पोरं आत्याबाईंभोवती उकिडवी बसलेली. मी खिडकीतून बघायची, म्हणायची खेळू देत बापडी, आणि पुन्हा वह्यांत डोकं घालायची.

तपासणीचे साहेब काखेत बॅग मारून आले. गरीब स्वभावाचा, लांब कोटातला माणूस. फाटक ढकलून ते आत आले आणि चावा बसणार या तयारीने डोळे मिटून उभे राहिले.

आत्याबाई बसल्या. पाय पोटाशी घेतले, मान ताठ केली, चोच मिटली आणि समोर बघत राहिल्या.

साहेब बाहेर गेले, पुन्हा आत आले. मग त्यांनी पाय आपटले. हातातली बॅग आत्याबाईंच्या तोंडासमोर हलवली. शेवटी इकडेतिकडे बघून बिचाऱ्यांनी स्वतःच हळूच एक फुत्कार टाकून दाखवला, आठवण करून द्यावी तसा. आत्याबाई ढिम्म. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. साहेब मला म्हणाले, "माझी फार इच्छा होती हो. पण काहीतरी आवाज लागतो." पुन्हा तपासणी वर्षाने करता येईल, आणि तोवर प्राणी आवारात नसावा.

ते गेले तशी मॉनिटर धावत आली. तोंडभर हसत होती.

"एकदम शहाण्यासारख्या बसल्या ना, बाई? हू नाही की चू नाही. आम्ही रोज शिकवत होतो. ओरडल्या की पाव नाही, गप्प बसल्या की पाव."

साहेब आले की ताठ बसायचं, समोर बघायचं, तोंडावर बोट. हे या पोरांना मीच शिकवलं होतं. दुसरं शिकवलंय काय आम्ही त्यांना?

"पास झाल्या ना, बाई?"

"झाल्या," मी म्हणाले.

पुढचे काही दिवस शाळा सुटल्यावर मी स्वतः कोट घालून, बॅग घेऊन फाटकातून आत-बाहेर करत होते. लोक थांबून बघायचे. आत्याबाई मला बघून ताठ बसायच्या आणि पाव मागायच्या. संध्याकाळचं कुरकुरणंही त्यांनी बंद केलं. एकदा अंगवळणी पाडलेलं काढून टाकता येत नाही, हे शिक्षिकेला वेगळं कोणी सांगायला नको होतं.

महिनाअखेरीला कोंडवाड्याची गाडी आली. मुलं व्हरांड्यात रांगेत उभी होती. पास झालेला पुढे जातो, त्याप्रमाणे आत्याबाई मोठ्या शाळेत चालल्या आहेत, असं त्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं आणि मी ते खोडलं नव्हतं. पिंजरा घेऊन माणूस पुढे झाला. आत्याबाई बसल्या. मान ताठ, नजर समोर. त्याने त्यांना भाजीची पाटी उचलावी तसं उचललं. वाटलं, आता तरी. एकदा जरी किंचाळली असती तर तो माणूस घाबरून पळाला असता.

"ओरड," मी म्हणाले. मग जोरात, "ओरड ना गं!"

सगळी शाळा माझ्याकडे बघायला लागली. पिंजऱ्यातून तिने मान माझ्याकडे वळवली आणि चोच उघडली, पावासाठी. माझ्या हातात खडू होता.

रांगेच्या टोकाला मॉनिटर माझ्याकडे बघत होती. तिने तोंडावर बोट ठेवलं आणि मान हलवून मला गप्प राहायला सांगितलं.