सुनांनाच न दिसणारं देऊळ

दर मंगळवारी उजाडता उजाडता निम्मा गाव चावडीमागच्या ओट्यापुढं जमायचा. चौऱ्याहत्तर सालचा जानेवारी होता. पन्हाळ्यापलीकडच्या त्या पठारावर पहाटे बादलीतल्या पाण्यात हात घालवत नसे. घोंगडी, शाली, मफलर गुंडाळून माणसं दाटीनं उभी राहत आणि सगळ्यांचे डोळे ओट्यावरच्या तांबड्या फडक्यावर खिळलेले असत.

गावात नव्यानं उतरलेले नेत्रगिरी महाराज फडकं उचलायचे. खाली एक दुर्बीण. दिवसभर धुनीशेजारी, रात्रभर उघड्यावर दवात ठेवलेली.

"हे आईचे डोळे!" महाराज गरजायचे. "समोरच्या डोंगरावर आईचं देऊळ. पुण्यवानाला शिखर दिसंल, निशाण दिसंल. पाप्याला निव्वळ पांढरं!"

पहिल्याच दिवशी ज्ञानू फौजी पुढं झाला. "महाराज, ही दुर्बीण हाय की! पलटणीत लई बघितल्यात."

"व्हय, दुर्बीणच! मी कुठं न्हाय म्हणतोय? गाईचं दूध बी गाईचंच असतंय. आईम्होरं ठेवलं की त्येचा प्रसाद हुतोय का न्हाय?"

लोक हसले. ज्ञानूही हसला. महाराज तिथंच जिंकले.

दुर्बिणीचं मधलं चाक थंडीत फिरत नसे. "आईनं चाक धरलंय! सोड आई, सोड!" म्हणत महाराज ते तळहातात दाबून धरत आणि थोड्या वेळानं फिरवून दाखवत. प्रत्येकाला उजवा डोळा मिटायला लावत. "उजवा डोळा संसाराचा. त्यो मिटा. डावा भक्तीचा. त्येनं बघा."

मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होते आणि केरबा तात्यांच्या घरी एका खोलीत भाड्यानं राहत होते. त्या पहिल्या मंगळवारी तात्यांच्या घरच्यांबरोबर मीही गेले, मलाही बघायला लावलं. शिखर दिसलं, निशाणाची काठी दिसली, काठीवर दोन कावळे दिसले. "शाळंची बाई पुण्यवान!" महाराज म्हणाले. मी काही बोलले नाही. खेळ आहे, चालू दे, असं मला वाटलं.

माझ्यामागून तात्यांची सून हौसा आली. सासऱ्यासमोर ती नेहमीच उभी राही तशी, पदर नाकावरून ओढून मुठीत दाबलेला. ती बराच वेळ बघत राहिली.

"काय दिसतंय, पोरी?"

"पांढरं," ती म्हणाली.

हौसाचा नवरा कृष्णात लष्करात होता, उत्तरेकडं सरहद्दीवर. मग सासूचा, अंबूबाईंचा, आवाज फुटला. "माझा ल्योक तिकडं बर्फात उभा हाय, आणि ही हिकडं काय दिवं लावतीया बघा!"

महाराजांनी न्याय दिला. आजचा धरून तीन मंगळवार. तिसऱ्यालाही पांढरंच दिसलं तर सुनेला माहेरी सोडायची, कायमची. दहा महिन्यांचं पोर मात्र घरात ठेवायचं. तोवर तिचा हात चुलीला लागायचा नाही, पाजण्यापुरतं सोडून पोराला लागायचा नाही.

हौसाला गोठ्याशेजारच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. अंगावर पाजायला तेवढी बाहेर काढत. पाजून झालं की पुन्हा आत. दोन दिवसांत ती म्हणाली, दूध आटायला लागलंय. तिची खोली माझ्या खोलीला लागून होती, वर एक झरोका होता.

"बाई, तुमास्नी खरंच दिसलं?"

"दिसलं."

"मग माझ्यातच काय तरी असंल."

"तुझ्यात काही नाही, हौसा."

"मग मला पांढरं का?"

हे थोतांड आहे, असं मी दहादा म्हणू शकले असते. त्यानं कडी निघाली नसती. तात्यांशी बोलून पाहिलं. ते विडी विझवून म्हणाले, "बाई, तुमी भाडेकरू हायसा," आणि उठून गेले.

दुसऱ्या मंगळवारी मी वही घेऊन मागं उभी राहिले. एक्केचाळीस जणांनी पाहिलं. नऊ जणांना पांढरं दिसलं. त्यातल्या सात सुना, हौसाही त्यांतच. उरलेले दोन बापये. माहेरपणाला आलेल्या लेकी पाहून गेल्या, म्हाताऱ्या पाहून गेल्या, सगळ्यांना देऊळ दिसलं.

"परक्या घरातनं पाप येतंय, दुसरं काय!" शेजारची बाई मला म्हणाली.

मी त्या दोन बापयांकडं पाहिलं. दोघांचे मफलर नाकापर्यंत चढवलेले होते.

त्या संध्याकाळी शाळेतलं भिंग घरी आणलं आणि रात्री अंगणाच्या भिंतीवर ठेवून दिलं. पहाटे पुसून डोळ्याशी धरलं. स्वच्छ. मग शाल नाकावर ओढली आणि पुन्हा धरलं. दोन श्वासांत पांढरं झालं. शाल काढली, पुसलं, स्वच्छ. ओढली, पांढरं. सात वेळा केलं. सातही वेळा तेच.

झरोक्यातून हौसाला सांगितलं, "पदर तोंडावरून खाली घेऊन बघ. दिसेल."

"मामंजींच्या म्होरं?" ती पुटपुटली. "जीव जाईल बाई, पर ते न्हाय व्हायचं."

तिला कोंडलं होतं ते काही एकट्या कडीनं नव्हे.

तिसऱ्या मंगळवारी तिला पुढं आणलं. मी ओट्यावर चढले. "आधी अंबूबाई बघतील. मात्र तोंडावर पदर घेऊन."

"आईच्या कामात मास्तरणीची लुडबुड नगं!" महाराज म्हणाले.

"अंबूबाईंना दोन्ही वेळा देऊळ दिसलंय. त्यांचं पुण्य पदरानं अडेल का, महाराज?"

"खरं हाय की!" मागून कोणीतरी ओरडलं. "बघ की गं मावशे, भ्येतीस व्हय?"

अंबूबाईंनी तोऱ्यात पदर ओढला आणि दुर्बीण डोळ्याला लावली. थोड्या वेळानं मी विचारलं,

"काय दिसतंय?"

"पांढरं... पर मी काय बी केलं न्हाय! आईशप्पत, मी काय बी केलं न्हाय!"

मी काच पुसली, त्यांचा पदर खाली केला. "आता बघा." देऊळ दिसलं. ज्ञानूला मफलर चढवून बघायला लावलं, मग उतरवून. त्यानं न सांगता उजवा डोळाही उघडला. "आयला! उजवीकडं आतनंच धुकं हाय. पुसून बी जाईना!"

तेव्हा मी सांगितलं. श्वासात वाफ असते. उघड्या तोंडाचा श्वास पुढं निघून जातो. पदराआडचा वर वळतो आणि डोळ्याशी टेकलेल्या गार काचेवर बसतो. ही दुर्बीण अगदी टाकाऊ नाही, पण भारीतलीही नाही. तिचे सांधे हवाबंद नाहीत. दमट हवा आत शिरते आणि गारठ्यात आतल्या काचेवर पाणी धरते, म्हणून उजवा डोळा संसाराचा. चाकातलं वंगण थंडीत तुपासारखं थिजतं, तळहाताच्या उबेनं सुटतं.

महाराज मात्र लवकर सावरले. "असंल! पर सून पदर घेऊनच बघंल. भरल्या गावात सासऱ्याम्होरं तोंड उघडं टाकणारी सून तुमास्नी चालतीया का? बोला!"

वाफेचं लोकांना पटलं होतं, आणि महाराजांचंही पटत होतं. हौसा मूठ नाकावर दाबून उभी होती.

केरबा तात्या सावकाश वळले आणि चावडीच्या भिंतीकडं तोंड करून, गावाकडं पाठ करून उभे राहिले. शेजारचे म्हातारे त्यांच्याकडं बघत राहिले. मग एक वळला, मागोमाग दुसरा. सगळ्या बापयांच्या पाठी झाल्या.

हौसानं पदर खाली घेतला आणि दुर्बीण डोळ्याला लावली.

"शिखर हाय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण पदराशिवायचा होता. "पायऱ्या हायती. कोण तरी बाई झाडतीया."

तात्या भिंतीकडं बघतच म्हणाले, "पोरगं दे तिच्याजवळ."

अंबूबाईंनी दिलं. दुपारच्या एसटीनं महाराज गेले.

माझ्या मनाला लागून राहिलं ते वेगळंच. पहिल्या मंगळवारी मला देऊळ दिसलं, माझ्यामागच्या बाईला दिसलं नाही, आणि मी गप्प राहिले. कारण सापडल्यावरही सहा दिवस गावासमोर बोलले नाही. त्या गप्प राहण्यापायी एक आई चौदा दिवस कोंडली गेली. चमत्कार कोणाला दिसला, हे सगळेच विचारतात. कोणाला दिसला नाही, ते मोजा. कारण सापडेपर्यंत मोजत राहा आणि सापडलं की त्याच दिवशी मोठ्यानं सांगा.