वाटीतली टोपणं

“काका, पुढच्या डाव्या चाकातून अजून वाजतंय का हो?” आरोग्य केंद्राच्या जीपचा ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला.

आमचे हे त्या चाकाशी उकिडवे बसले होते. ते उठले, हात झटकले आणि म्हणाले, “चाकात नाही, तुझ्या कानात वाजतंय. चल, निघ.”

शेडमध्ये टेकलेले दोघे ट्रॅक्टरवाले खो खो हसले. मीही हसले. ड्रायव्हर अगदी कानकोंडा झाला आणि त्याने मुकाट्याने गाडी वाळूत घातली. मागच्या सीटवर सिस्टर मांडीवर पेटी घेऊन बसल्या होत्या. वाळूपलीकडच्या वस्तीवर एक बाई बाळंतपणात अडली होती, त्यामुळे सगळी घाईच होती.

डांबरी रस्ता आमच्या शेडपाशी संपतो. पुढे नुसती वाळू. टणक चाक वाळूत रुतून बसतं, मऊ चाक वरच्यावर चालतं. म्हणून जाताना प्रत्येक गाडीने हवा सोडायची आणि परत आल्यावर भरून घ्यायची. भरायचं काम कॉम्प्रेसर करतो, त्यात काय मोठंसं? सोडणं ही खरी विद्या. कमी सोडली तर गाडी रुतते. जास्त सोडली तर वळणावर टायर रिंगमधून निसटतो, मग बसा बोंबलत.

यांनी उभा जन्म हेच केलं. किल्लीने व्हॉल्व्हच्या पिना काढायच्या, चारी चाकं एकदम फुसफुसायला लागली की गाडीभोवती फेरी मारायची, आणि आवाज कुठवर उतरला की पिन परत बसवायची ते कानाने ठरवायचं. लोक त्यांना कानसेन म्हणत. हवा मोजायचं गेज हल्ली बहुतेक ड्रायव्हरांच्या खिशात असतं, पण आमच्या शेडमध्ये ते कुणी बाहेर काढत नाही. यांच्या हातानंतर गेज लावायचं म्हणजे सासूने उतरवलेल्या भाजीत सुनेने पुन्हा मीठ टाकायचं. तेवढी हिंमत कुणाची?

माझं काम टोपणांचं. व्हॉल्व्हवरची ती चिमुकली काळी टोपणं वाळूत पडली तर देवालासुद्धा सापडायची नाहीत. म्हणून जाणारा ड्रायव्हर ती काढून माझ्याकडे देतो आणि मी वाटीत ठेवते. गाडी आली, हवा भरली, की ज्याची त्याला. वाटीत टोपणं आहेत तोवर कुणीतरी वाळूत आहे, एवढं साधं गणित आहे आमचं.

मघाशी मीही हसले असं सांगितलं, तर खरं तेही सांगून टाकते. यांचे कान गेले होते. कॉम्प्रेसरच्या त्या खडखडाटाने आम्हाला पोसलं आणि यांचे कान खाल्ले. माणसांचं बोलणं समोरून ऐकू यायचं, पण बारीक आवाज साफ गेले होते. कुकर समोर शिट्ट्या मारून मारून जळाला तरी हे शेजारी बसून विड्या मोजतायत! कुणी हाक मारली की मी कोपराने ढोसायची, मग हे वळायचे. लोकांना वाटायचं, कानसेन विचारात आहेत.

आमच्या लेकीने शहरातून चार पितळी बोंडं पाठवली होती. ती व्हॉल्व्हवर फिरवून बसवली की ठरवल्या जागी हवा आपोआप थांबते. कान नको, पिन काढायला नको. यांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, “आंधळ्याची काठी मला कशाला?” मग खिळ्यांच्या डब्यात टाकून दिली. लेकीने फोनवर विचारलं तेव्हा मी म्हटलं, वापरतात हो रोज. काय करणार?

त्या दिवशी ऊन उतरलं तरी जीपची टोपणं वाटीतच होती. मी दोनदा वाटी उचलून खाली ठेवली. शेवटी पलीकडून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गाद्या टाकून बाळंतीण झोपवली होती, शेजारी तिची आई बाळ घेऊन, आणि सिस्टर अनवाणी. त्यांच्या पायांकडे बघवत नव्हतं. टेकाडाच्या वळणावर पुढचा डावा टायर रिंगमधून सुटला होता. सिस्टर पेटी डोक्यावर घेऊन तापल्या वाळूतून चालत गेल्या, चपला तिथेच रुतल्या. पोचेपर्यंत मूल झालं होतं आणि बाईचं रक्त थांबत नव्हतं.

“वाचेल का हो?” मी विचारलं.

“बोलू नका, आधी गाडी बघा कुणाची तरी,” सिस्टर म्हणाल्या. बाई वाचली, पण थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या मोठ्या डॉक्टरीणबाई स्वतः आमच्या शेडमध्ये आल्या. जीप ट्रॅक्टरने ओढून आणली होती. ड्रायव्हर जीपला टेकून उभा होता, नोकरीला लागून त्याला वर्षही झालं नव्हतं.

“हवा कुणी सोडली होती?” बाईंनी विचारलं.

“कानसेननी,” एक ट्रॅक्टरवाला म्हणाला. “तिथं चूक व्हायची नाही बाई. सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ. यानंच वळण मारलं असेल हिरोगिरी करत.”

“मी हळूच घेतलं होतं,” ड्रायव्हर म्हणाला. “आणि निघताना मी विचारलं होतं, वाजतंय का म्हणून. सगळे हसले. खिशात गेज होतं माझ्या, पण काकांच्या हातानंतर ते लावायचं कसं?”

“बघा, आता काकांवर ढकलतोय!” दुसरा ट्रॅक्टरवाला म्हणाला.

बाई यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “काका, तुम्हाला काय वाटतं?”

मी यांच्या तोंडाकडे बघत होते. मनातल्या मनात म्हणत होते, अहो बोला, आता तरी बोला. हे स्वतःच्या चपलांकडे बघत होते. मग म्हणाले, “वळण जोरात घेतलं असेल. नवीन पोरं आहेत.”

झालं. बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं, उद्यापासून गाडीवर यायचं नाही, काय ते ऑफिसात ठरेल. माझ्यापुढे येऊन त्याने हात पसरला.

“काकू, टोपणं द्या.”

मी वाटीतून ती काढून त्याच्या हातावर ठेवली. मला मान वर करवेना. त्याने एकेक करून चारी चाकांना टोपणं लावली, नीट आवळली, आणि जाताना “येतो काकू” असंही म्हणाला. एखादी शिवी हासडली असती तर बरं वाटलं असतं मला.

संध्याकाळी हे अंगणात बसले होते. ट्रकची एक जुनी ट्यूब फुगवून त्यावर आडवी फळी टाकलेली आहे, तीच यांची बैठक. चहा पितापिता बोलणं सुरू होतं, हल्लीच्या ड्रायव्हरांना धीर नाही, वळण कसं घ्यावं ते कळत नाही, स्टिअरिंग म्हणजे काय लाटणं आहे का. एरवी मी हं हं केलं असतं. त्या दिवशी माझं डोकं सणकलं. मी किल्ली घेतली, यांच्या पाठीमागे जाऊन बसले आणि ट्यूबची पिन सैल केली.

बारीक शिट्टी सुरू झाली. कुंपणाशी झोपलेलं कुत्रं कान टवकारून उठलं. हे बोलतच होते. “अगं, आमच्या वेळी टेकाडाचं वळण डोळे मिटून घ्यायचे लोक...” आणि बोलता बोलता हे खाली चालले होते. आधी फळी कलली, मग गुडघे वर आले, मग गुडघे छातीशी लागले. कपातला चहा लेंग्यावर सांडला तेव्हा कुठे यांनी खाली पाहिलं. मग मागे वळून माझ्याकडे, माझ्या हातातल्या किल्लीकडे.

“वाजत होतं,” मी म्हटलं. “मघापासून.”

ते तसेच बसून राहिले, जमिनीवर, गुडघे छातीशी धरून. मला हसू यायला हवं होतं, इतकं ते दिसायला विचित्र होतं. मला रडू आलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?” त्यांनी विचारलं.

“कुकर जळाला तेव्हापासून. आणि तुम्हाला?”

त्यांनी लेंग्यावरचा चहा तळहाताने पुसला. मग म्हणाले, “तो म्हणाला ना, वाजतंय का, तेव्हाच मला शंका आली होती. नुसतं वाकून बोट लावलं असतं तरी हवा लागली असती. पण ते दोघे बसले होते ना तिथं. कानसेनने बोट लावून बघायचं?” त्यांनी कप बाजूला ठेवला. “लाज वाटते गं मला. आज मुलाच्या वयाच्या माणसाची भाकरी काढून घेतली मी.”

सकाळी यांनी धुतलेला सदरा घातला. मला म्हणाले, “तूही चल. बाई काय बोलतात ते मला कळायला हवं.”

केंद्राचा व्हरांडा पेशंटनी भरलेला होता. ड्रायव्हर तिथेच भिंतीशी उभा होता, ऑफिसात बोलावणं येईल म्हणून सकाळपासून ताटकळलेला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तशी यांनी वाट अडवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “बाई, चूक माझी आहे. पिन नीट बसली नव्हती. मला ऐकू येत नाही. यानं विचारलं तर मीच त्याची चेष्टा केली.” एवढं सगळं त्यांनी फार मोठ्याने म्हटलं. आपला आवाज किती मोठा झालाय हेही त्यांना कळत नव्हतं.

बाई यांच्याकडे बघत राहिल्या आणि अगदी हळू काहीतरी म्हणाल्या.

हे माझ्याकडे वळले. “काय म्हणाल्या?”

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं. आता ते मलाच सांगायचं होतं, आणि कानात सांगून भागणार नव्हतं. भरल्या व्हरांड्यात, ओळखीच्या-अनोळखी लोकांपुढे, मी माझ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं, “त्या म्हणतायत, ती बाई मेली असती! म्हणतायत, एक तान्हं मूल पोरकं झालं असतं तुमच्या तोऱ्यापायी!”

त्यांनी मान हलवली. “खरं आहे,” म्हणाले. मग ड्रायव्हरकडे गेले आणि त्याच्यापुढे हात जोडले. त्याने झटकन ते हात धरून खाली केले. “असं नका करू काका,” तो म्हणत होता, पण तो शब्द यांना ऐकू आला की नाही, मला माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात जीप आली. स्टिअरिंगवर तोच होता. ट्रॅक्टरवालेही नेहमीसारखे शेडमध्ये टेकलेले. एरवी तोंडाला टाळं नसतं, पण त्या दिवशी दोघेही तंबाखू मळण्यात फारच गुंतले होते. यांनी खिळ्यांचा डबा जमिनीवर उपडा केला, खिळ्यांतून ती पितळी बोंडं वेचली, सदऱ्याला पुसली आणि एकेका व्हॉल्व्हवर फिरवून बसवली. हवा सुटू लागली. हे पुढच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसले, एकटक त्या बोंडाकडे बघत. बघून काय कळणार? मग त्यांनी मान वर केली.

“थांबलं का रे?”

ड्रायव्हर खाली उतरला. उकिडवा बसला, चाकाशी कान नेला आणि नीट ऐकलं. “थांबलं, काका,” हळूच म्हणाला.

यांना ते ऐकू आलं नाही. ते त्याच्या तोंडाकडे बघत तसेच थांबले. मग त्याने मान जोरात डोलावून दाखवली.

यांनी बोंड काढलं. ड्रायव्हरचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच अडखळला. ते यांनी पाहिलं. त्याच्या खिशातून गेज स्वतः काढून घेतलं, व्हॉल्व्हला लावलं, आणि काटा त्याला नीट दिसेल असं त्याच्याकडे वळवून धरलं. चारी चाकांना तसंच केलं. शेडमध्ये कुणी हसलं नाही.

मग ड्रायव्हरने चार टोपणं माझ्या हातावर ठेवली आणि गाडी वाळूत घातली. वाटी शेजारीच होती, पण मी ती टोपणं वाटीत टाकली नाहीत. गाडी परत येईपर्यंत मुठीतच धरून बसले.