उशाशी ठेवलेला ट्रे

शाळेच्या आचाऱ्याला वळण म्हणून नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझं मत बदललं असं समजू नये. सलग चार दिवस मी नातीसाठी डबा पाठवला आणि सलग चार दिवस त्याने तो न उघडता परत पाठवला. फडक्याची गाठसुद्धा माझीच, जशीच्या तशी. वर निरोप काय, तर "घरचा डबा चालणार नाही." कारण नाही, दोन बरे शब्द नाहीत. चाळीस वर्षं लोक माझ्या भट्टीतला पाव खातात, आणि हा कोण लागून गेला माझा डबा परत करणारा?

आमची बेकरी खाली आणि घर वर, मधे लाकडी जिना. बेकरी माझ्या नवऱ्याने काढली, पण चालवली मी. तो गेल्यावर तर सगळी मीच. मुलगा पीठ मळायला, सून गल्ल्यावर, आणि भट्टीसमोर मी. माझी शाळा तिसरीत सुटली, पण हात पिठात घातला की त्यात पाणी किती हवं ते मला कळतं. कुणाला विचारावं लागत नाही.

नातीला आम्ही मुंगी म्हणतो. सात वर्षांची आहे, पण दिसते पाचाची. गेल्या वर्षी तिचं पोट सारखं फुगायचं, हातपाय काटकुळे झाले होते, आणि दुपारच्या तासाला ती बाकावर डोकं टेकून झोपायची. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. थोडा नाही, कणभर नाही, जन्मभर नाही.

"बेकरीवाल्यांच्या घरात असं मूल! देवाने थट्टाच केली म्हणायची," शेजारीण म्हणाली.

"देवाची माझ्याशी थट्टा करायची हिंमत नाही," मी म्हटलं. "निघेल काहीतरी मार्ग."

आणि मी काढला. वरच्या स्वयंपाकघरातला गहू, मैदा, पाव, बिस्किटं, सगळं खाली नेलं. पातेली नवी, चमचे नवे, पोळपाट तर माळ्यावर टाकला. मुंगीला भात, अंडी, भाज्या, फळं. सहा महिने एक दिवस चूक नाही. तरी पोरीच्या अंगाला लागेना. वजनाचा काटा सतरा किलोवर जो बसला तो बसलाच.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुठून तरी हिच्या पोटात जातंय. अजून दोन महिने बघू. फरक पडला नाही, तर हिला या घरापासून लांब ठेवावं लागेल."

या घरापासून! जणू घराला रोग झालाय. पण सुनेने ऐकलं आणि त्याच संध्याकाळी बहिणीला फोन केला. तिची बहीण दोन तासांवर राहते, एकटीच, टापटीप, घरात पिठाचा डबासुद्धा नाही. तिने लगेच खोली रिकामी केली. मुंगीची रोज संध्याकाळी माझ्या मांडीवर बसून दिवसभराच्या गोष्टी सांगायची सवय, ती आता मावशीच्या मांडीवर जाणार.

मग मी हिशेबच मांडला. घरात गहू नाही, म्हणजे जातोय तो शाळेत. तीनशे पोरांचं जेवण एक आचारी करतो, तो कसली काळजी घेणार? म्हणून डबा. आणि डबा परत आला, म्हणून पाचव्या दिवशी सकाळी पहिला घाणा भट्टीतून काढला, एप्रन अंगावर तसाच ठेवला आणि तडक शाळेच्या मागच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

दार त्यानेच उघडलं. पन्नाशीचा, रुंद, चेहरा न फुगलेल्या पावासारखा. मी माझ्याहून लहान असेल त्याला तूच म्हणते, डॉक्टर असो नाहीतर मंत्री.

"तू आचारी?"

"हो. तिथेच थांबा, आजी. उंबऱ्याच्या आत नाही."

"का रे? मी काय भीक मागायला आलेय?"

"अंगावर पीठ आहे तुमच्या."

"भट्टी चालवणारी बाई आहे मी! पीठ नसेल तर काय अत्तर असेल?"

"म्हणूनच," तो म्हणाला, आणि त्याने दार लावून घेतलं. माझ्या तोंडावर!

माझ्या तोंडावर आजवर कुणी दार लावलेलं नाही. पण मीही हटणारी नाही. भिंतीशी भाजीचा रिकामा क्रेट होता, तो खिडकीखाली ओढला, वर चढले आणि बंद काचेला नाक लावलं. म्हटलं, बघू तर हा आत काय लपवतो. एकदा चूक सापडू दे, मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन आपटते.

आत ओटे ओले, नुकतेच पुसलेले. पिठाचं मोठं पिंप झाकलेलं, झाकणावर दगड. त्याने हात धुतले, कोपरापर्यंत, नखं ब्रशने घासून. मग समोरच्या भिंतीवरून एक पातेलं, एक सुरी, एक पळी काढली. प्रत्येकाच्या मुठीला हिरवी दोरी गुंडाळलेली. बाकी सगळी भांडी दुसऱ्या भिंतीला, ही तीन एकटी, वेगळ्या खिळ्यांवर. बटाटा चिरला, एकच. मूठभर वाटाणे, एक अंडं, थोडा भात. एवढंसं पातेलं त्या थोरल्या शेगडीवर बाहुलीच्या खेळातल्यासारखं दिसत होतं. मागे तीनशे पोरांच्या भाज्या नुसत्या पडून होत्या. त्यांना त्याने अजून हात लावला नव्हता.

तीनशे मुलांच्या आधी एका मुलीचं.

शिजलं तसं त्याने ते डब्यात भरलं, झाकण दाबलं, वरून ओलं फडकं गुंडाळलं आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. हिरव्या दोरीची भांडी धुऊन पुन्हा खिळ्यांवर. अंगातला एप्रन काढला, दुसरा चढवला. कुठे घाई नाही. देवघरात वावरावं तसा वावरत होता, आणि त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. मी बघतेय हे त्याला माहीत होतं की नाही, ते मला आजही ठाऊक नाही. मी आपली शिव्या तयार ठेवून उभी होते, आणि एकेक शिवी तोंडातच विरत होती.

मग त्याने पिंपावरचा दगड उचलला आणि मोठ्या परातीत पीठ ओतलं.

समोरच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं, तिरकं, फळीसारखं. त्या उन्हात पीठ उठलं. हळूहळू वर चढलं, छतापर्यंत गेलं, तिथे घुटमळलं, वळलं. कण न् कण चमकत होता. चाळीस वर्षं मी रोज सकाळी हे धुकं बघतेय. मला आवडतं ते, खरं सांगते. पण आज पहिल्यांदा मी त्याच्या मागे मागे नजर नेली. ते खाली येत होतं. ओट्यावर, भाज्यांवर, त्याच्या खांद्यांवर, सगळीकडे सारखं, आवाज न करता. मला आजवर वाटायचं, ते विरून जातं.

अर्ध्या तासाने त्याने दार उघडलं. "या आता आत. आता पीठच पीठ आहे."

त्याच्या हातात काळा ट्रे होता. "हा पीठ काढायच्या आधी पुसून त्या कोपऱ्यात ठेवला होता. परातीपासून दहा पावलं लांब." त्याने मधोमध बोट ओढलं. काळी रेघ उठली. रेघेच्या दोन्ही बाजूंना पांढरं.

मी वाकून ती रेघ बघितली.

"तुमचा डबा पहिल्या दिवशी यावरच ठेवला होता," तो म्हणाला. "उचलला तर खाली पांढरं गोल उमटलेलं. डब्याच्या आत काय ते तुम्हाला माहीत, पण फडकं बेकरीतलं होतं."

"मग तेव्हाच सांगायला तोंड नव्हतं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मी भाज्यांकडे बघितलं.

मग तो भांडी मांडता मांडता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पहिल्या महिन्यात मीच तिला आजारी पाडलं. पीठ लावून दाट केलेला रस्सा ढवळला, आणि तोच डाव तिच्या भातात घातला. तेवढ्यानेच. वर्गात ओकली पोरगी, आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन विचारते, काका, माझ्यामुळे तुम्हाला ओरडा बसला का?" त्याने नाक पुसलं, बाहीला. "तेव्हापासून तिचं आधी. तुमच्याकडे काळा ट्रे आहे?"

"साठ आहेत. भट्टीत काळे झालेले."

"मग एक स्वच्छ घासा आणि आज तिच्या उशाशी ठेवून बघा."

रागातच घरी आले. पण ट्रे घासला. संध्याकाळी मुंगीच्या पलंगाशेजारी स्टुलावर ठेवला.

"हा कशाला, आजी?"

"शोभेला," मी म्हटलं.

सकाळी मुंगी शाळेत गेल्यावर खोलीत गेले. ट्रेवर बोट ओढायची गरजच पडली नाही. जिन्यातून, दाराच्या फटीतून, खिडकीतून, कुठून कुठून येऊन बसलं होतं, झाडावर दव बसावं तसं एकसारखं. उशीवरही तेच असणार, पण उशी पांढरी, तिथे दिसणार कसं? मी बोट जिभेला लावलं. माझंच पीठ. कुठल्या गिरणीचं, कुठल्या पोत्यातलं, तेही सांगितलं असतं.

आणि तिथे उभ्या उभ्या मला दुसरी गोष्ट आठवली. रोज मुंगी शाळेत निघायच्या वेळी मी खालून जिना चढून येते, तशीच, भट्टीवरून. ती धावत येते आणि माझ्या एप्रनमध्ये तोंड खुपसते. खोल श्वास घेते. म्हणते, "आजी, तुला पावाचा वास येतो." रोज. सहा महिने. मी सुनेच्या हाताला नावं ठेवली, आचाऱ्याला शिव्या दिल्या, डॉक्टरीणबाईंच्या मशीनवरसुद्धा शंका घेतली.

खाली गेले. मुलगा आणि सून दोघंही होते. म्हटलं, "पीठ माझंच आहे. माझ्या अंगावरून जातंय." एवढं बोलायला मला जेवढा जोर लागला तेवढा पहिल्या भट्टीची दगडी फरशी ओढताना लागला नव्हता. सुनेने माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. त्या दिवसापासून मी तिला थोडं बरं म्हणते.

मग मी घर उलटंपालटं केलं. जिन्याला खाली एक दार, वर एक दार. मुंगीची खोली मागच्या बाजूला हलवली. बेकरीचे कपडे खालीच उतरायचे, खालीच अंघोळ, केस धुवायचे, मगच पहिली पायरी चढायची. वर झाडू बंद, ओलं फडकं चालू. मुलगा कुरकुरला, "दिवसातून तीनदा अंघोळ?" म्हटलं, "चौथीही करशील. तुझीच पोर आहे."

पहिल्या दिवशी मी अंघोळ करून वर आले तेव्हा मुंगीने सवयीने तोंड खुपसलं आणि लगेच वर बघितलं. "आजी, तुझा वास गेला."

"गेला. आता साबणाचा वास घे."

"हा आवडत नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं. "सवय करू दोघी."

ट्रे रोज उशाशी. रोज सकाळी आम्ही दोघी वाकून बघायचो. आधी पांढरा, मग धुरकट, मग मुंगीच्या बोटाची रेघ जेमतेम दिसेल इतका. अकराव्या दिवशी ट्रे काळाभोर होता, आणि त्यात आमची दोघींची तोंडं दिसत होती. मुंगी कुजबुजली, "आजी, काहीच नाही!" मीही कुजबुजले, "काहीच नाही." आयुष्यात मी फुगलेले पाव बघितले, लग्नाचे केक बघितले, पण त्या रिकाम्या ट्रेसारखं काही बघितलं नाही. किती वेळ आम्ही तशाच वाकून बसलो होतो.

दोन महिन्यांनी काटा साडेअठरावर गेला. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा एकदा वजन करायला लावलं. मग म्हणाल्या, "राहू दे घरी." सुनेने बहिणीला फोन केला, खोलीत परत तिचं शिलाई मशीन ठेव म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून शाळेच्या मागच्या दाराशी गेले. आचाऱ्याने आधी माझ्या बाह्या बघितल्या, मग चपला, मग दारातून बाजूला झाला. या वेळी आत घेतलं, पीठ काढायच्या आधी. हिरव्या दोरीचं पातेलं शेगडीवर होतं.

"वाढलं म्हणे वजन," तो म्हणाला.

"दीड किलो."

"हं," म्हणाला आणि भात ढवळायला लागला. दुसरा कुणी असता तर चार शब्द बोलला असता.

"इकडे बघ," मी म्हटलं. "तुला वळण नाही. मला दारात उभं केलंस, दार तोंडावर लावलंस, माझा डबा चार वेळा परत पाठवलास. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही आणि तुलाही विसरू देणार नाही. पण चाळीस वर्षं माझ्या घरात माझ्या हातावर कुणाचा हात चालला नाही. आजपासून मुंगीच्या ताटापुरता तुझा चालेल. आधी तुझा, मग माझा. आता ढवळ नीट, खाली लागतंय."