प्रस्थानाचा तांब्या

माझं झाकण अजून गच्च बसतं, म्हणून मला जुना म्हणायला कुणी लवकर धजत नाही. पण लपवायचं कशाला? मित्रांनो, मी जुनाच आहे. पितळेचा, पोटावर पोचा पडलेला फिरकीचा तांब्या. प्रवासासाठी घडवलेल्या तांब्याने जवळपास दहा वर्षं एका जागी बसून काढावीत, याहून मोठी थट्टा कोणती? तरी माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मला आभारच मानायचे आहेत, आणि ते कुणाचे हे सांगण्यासाठीच हा सगळा खटाटोप.

हिंगोलीच्या एका तांबटाने मला घडवलं. साधा तांब्या कुणीही ठोकून काढील हो, पण फिरकीचं झाकण म्हणजे कसबाचं काम. आटे जरा चुकले की गाडीच्या पहिल्या हिसक्याला पाणी सांडलंच. माझ्या तांबटाने मला काठोकाठ भरलं, झाकण फिरवलं आणि शेजाऱ्याच्या डोक्यावर उलटं धरून खदाखदा हलवलं. एक थेंब पडला नाही. "बघ, दुनिया फिरून येईल ह्यो!" तो म्हणाला. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दिवस फुगून होतो.

पुसेगावच्या एका शेतकऱ्याने मला विकत घेऊन लेकीला लग्नात दिलं. ही लेक म्हणजे नर्मदाबाई. तिच्याबरोबर मी आखाडा बाळापूरच्या अलीकडे, कयाधूच्या काठच्या एका गावी आलो. तिचा नवरा तातेराव हा चार बुकं शिकलेला, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. आणि बेत आखण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता.

एके दिवशी नदीवरून धुणं घेऊन आलेल्या नर्मदाबाईने सहज विचारलं, "अवो, ही आपली नदी पुढं जाती तरी कुठं? रोज हिच्यात धुणं धुती मी, पण त्या वळणापल्याड काय हाय ते मला ठावं न्हाई."

झालं! तातेरावने कोळसा घेतला आणि ओसरीच्या भिंतीवर नदीच काढली. कयाधू पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धेची पुढे प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्रात. वाटेत आपली मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडे वऱ्हाड, मग चांद्याचा मुलूख, बस्तरचं संस्थान आणि शेवटी मद्रास इलाखा. "पाच मुलूख!" तातेराव पाच बोटं नाचवत म्हणाला. "नावंत बसायचं आन् पाच मुलूख पाहत समुद्रापोतर जायचं. देवधर्म न्हाई, कामधंदा न्हाई. निव्वळ पाहायला."

निव्वळ पाहायला जायचं, हे नर्मदाबाईच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. ती हसली खरी, पण त्या दिवसापासून तिला त्या वळणापल्याडचं वेड लागलं. दिवाळीला तिने सगळी भिंत सारवली, फक्त कोळशाची नदी तेवढी सोडून.

दोन वर्षं नुसते बेत चालले. दशम्या किती, गूळ-शेंगदाणे किती, सरहद्दीच्या कुठल्या नाक्यावर कोणती चिठ्ठी दाखवायची, आगबोट कुठे बदलायची. शेवटी एकोणीसशे अडतीसच्या कार्तिकातला मुहूर्त निघाला. पण नेमकी त्याच दिवशी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव निखळली. मग काय करायचं? तर प्रस्थान ठेवायचं.

तुम्हाला प्रस्थान ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. मुहूर्ताच्या वेळी निघणं जमत नसेल, तर आपली एखादी वस्तू, हळकुंड-सुपारी बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. ती निघाली म्हणजे आपण निघालो. आणि नर्मदाबाईच्या माहेरचा नेम असा, की ती वस्तू घरी परत आणायची नाही. आणली तर जाणं मोडलं.

उगवतीला होता बंजाऱ्यांचा तांडा. तिथली चंदाबाई नर्मदाबाईच्या ओळखीची. दोघी कापूस वेचायला एका शेतात असायच्या. माझ्या गळ्यात पिवळ्या फडक्यात सुपारी बांधून नर्मदाबाईने मला चंदाबाईच्या घरी कोनाड्यात ठेवलं. "चार दिवसांत निघतो," ती म्हणाली. चंदाबाईने तिला पाणी विचारलं. ओठ सुकले होते, तरी नर्मदाबाई म्हणाली, "तहान न्हाई मला." त्या काळी गावातल्या बाया तांड्यात पाणी पीत नसत. 

तिसऱ्या दिवशी तातेराव भिंतीवरच्या नदीची नक्कल कागदावर उतरवून चंदाबाईच्या नवऱ्याला, हिरासिंगला, दाखवायला आला. हिरासिंगच्या आजाने बैलांच्या पाठीवर धान्याची लादणी घेऊन साऱ्या नदीकाठाची वाट तुडवलेली. त्याने कागद पाहिला आणि पोट धरधरून हसला.

"मालक, ह्या ठिकाणातून नाव कशी नेनार? हे सहस्रकुंड! इथं पैनगंगा कड्यावरून उडी मारती. तुमीबी मारनार का?"

तातेरावचा चेहरा उतरला. पुऱ्या नदीचा बेत केला आणि धबधबाच विसरला! "मंग सारा बेत पुन्हा मांडावा लागंल," तो म्हणाला. "यंदा न्हाई, पुढच्या कार्तिकात बराबर जाऊ."

पुढच्या कार्तिकात लढाई सुरू झालेली. आगबोटी मिळायच्या नाहीत, असं कुणीतरी सांगितलं. मग एक वर्ष बैल गेला, एक वर्ष लेकाचं लग्न निघालं. बेत मात्र दरसाल सुधारून तयार! नर्मदाबाई अधूनमधून तांड्यावर येई, दारातूनच माझ्याकडे बघे आणि म्हणे, "राहू द्या, चंदाबाई. परत नेला तर जाणं मोडंल."

पहिली काही वर्षं मी मनातून फार कुढलो. अरे, माझे आटे काय कोनाड्यात बसायला पाडले होते? पण मित्रांनो, एक गोष्ट नर्मदाबाईला ठाऊक नव्हती. चंदाबाई रोज सकाळी माझ्या गळ्यातली सुपारी सोडायची, मला चिंचेने, राखेने घासायची, कयाधूचं ताजं पाणी भरायची आणि सुपारी पुन्हा बांधायची. एकही दिवस चुकला नाही. आपल्या घरात घागर रिकामी असली, तरी आधी मी. मला वाटायचं, बाईला दुसरं काम नाही की काय! का भरते ते मला पुष्कळ पुढे कळलं.

पंचेचाळीस साली तातेराव तापाने गेला. जाताना बायकोला म्हणाला म्हणे, "राजमहेंद्रीच्या अलीकडं आगबोट बदलायची हाय. ध्यानात ठेव." बेत आखणारा गेला, बेत राहिला.

मग रझाकारांच्या धामधुमीचं साल आलं. भल्या पहाटे सारा तांडा ढोरं-लेकरं घेऊन पैनगंगेपल्याड वऱ्हाडात निघाला. चंदाबाईने भांडीकुंडी तशीच टाकली. एका हाताला नात, दुसऱ्या हातात मी. पाण्यातून चालताना तिचा पाय घसरला आणि मी दगडावर आदळलो. हा पोचा तेव्हाचा. माझा पहिला प्रवास तो, आणि तो असा झाला. पलीकडच्या काठावर तिने मला चाचपून पाहिलं आणि हिरासिंगला म्हणाली, "दुसऱ्याचं प्रस्थान हाय. हरवलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं?" सांगा, अशा बाईचे पांग मी कसे फेडणार?

मोगलाई संपली, माणसं आपापल्या गावी परतली. अठ्ठेचाळीसच्या कार्तिकात एका सकाळी नर्मदाबाई तांड्यावर आली. कपाळ मोकळं, केस पांढरे.

"चंदाबाई, तांब्या द्या वापस. घरी नेते. रोजच्या पाण्याला व्हईल."

 घरी नेणार म्हणजे जाणं मोडणार. पंचवीस वर्षं नदीवर धुणं धुतलेली ही बाई ते वळण न पाहताच मरणार.

"न्हाई देनार," चंदाबाई म्हणाली.

"अवं, माझा हाय त्यो!"

"हाय ना. पन तुमीच म्हनला व्हता, परत नेला तर जानं मोडतं. मंग आता काहून मोडून राहिल्या?"

"ते गेले. आता कोनासंगं जाऊ? रांडव बाई निव्वळ पाहायला निघाली, तर लोक काय म्हनतील?"

चंदाबाईने मला कोनाड्यातून उचललं, झाकण फिरवून काढलं आणि तिच्यापुढे धरलं. आत सकाळी भरलेलं ताजं पाणी होतं.

"दहा वर्सं रोज भरते. आमच्या लोकांत लादनीवर निघालेल्या बैलाला कुनी तहानलेलं ठेवत न्हाई. तुमी निघालेल्या, बाई! दहा वर्सं झाली तुमाला निघून. निघालेलं मानूस माघारी कसं फिरंल?"

नर्मदाबाई त्या पाण्याकडे बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून रडली. मीही रडलो असतो, पण पाणी सांडायची मला सवय नाही.

तोवर हिरासिंगने गाडी जुंपायला घेतली होती. "सहस्रकुंडाच्या खालच्या अंगाला नाव मिळती. आमी दोघं हावो संगं."

"आत्ताच? अवं, दोन लुगडी तरी घेऊन येते घरून!"

"घरी जायचं न्हाई," चंदाबाई म्हणाली. "नेम तुमचाच. निरोप देऊन लुगडी माझा ल्योक आनंल. न्हाईतर माझा घागरा घाला."

नर्मदाबाई घागऱ्यात! रडता रडता ती जी हसली, तसं हसणं मी तिच्या लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

आणि मित्रांनो, आम्ही निघालो. सहस्रकुंडाला नदीने उडी मारलेली पाहून नर्मदाबाईने कोपरापासून हात जोडले. "ह्येच इसरले व्हते वो तुमी," ती हळूच म्हणाली. पुढे नाव, मग दुसरी नाव, मग आगबोट. भाकरी संपली, भात सुरू झाला. बोली बदलत गेली, शेवटी कुणाचं काहीच कळेना, तरी माणसं केळी आणून देत. ज्या नाक्यांसाठी तातेरावने चिठ्ठ्या योजल्या होत्या, त्यांतला एक ओस पडलेला, दुसऱ्यावर शेळ्या बांधलेल्या. "पाच मुलूख कुठं गेले, बाई?" चंदाबाईने विचारलं. मोजणारा तातेराव असता तर त्याने सांगितलं असतं. राजमहेंद्रीच्या अलीकडे आगबोट बदलायची मात्र नर्मदाबाई विसरली नाही.

सगळ्या वाटेवर माझं झाकण कुणी उघडलं नाही. आतलं कयाधूचं पाणी तातेरावच्या नावाने समुद्रात ओतायचं, असं नर्मदाबाईने ठरवलं होतं. समुद्र दिसला तशी तिने लुगडं वर खोचलं. मग गुडघाभर पाण्यात शिरून ओंजळ तोंडाला लावली आणि थू थू करत मागे सरली.

"अगं बया! खारट!"

तहानेने दोघींचे जीव कासावीस झाले होते. नर्मदाबाईने झाकण फिरवलं, मला पाण्यावर तिरपं धरलं.

"काहून ओतता?" चंदाबाई म्हणाली. "कयाधू तर आपल्या आधीच येऊन बसली इथं. आपल्यालाच उशीर झाला. तहान लागली ना? प्या."

नर्मदाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग चंदाबाईच्या हातचं, तांड्यावर भरलेलं ते पाणी ती घटाघटा प्याली आणि मला चंदाबाईपुढे धरलं. पाण्याचा एक थेंबही वाया गेला नाही. माझ्या तांबटाने पाहायला हवं होतं!

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी वस्तू 'पुढे कधीतरी' म्हणून ठेवलेली असेल, तर तिला खाली काढा, घासा, भरा. निघायला उशीर झाला तरी चालेल, पण तिला तहानलेली ठेवू नका. आणि दुसऱ्याचं काही तुमच्याकडे ठेवलं असेल, तर चंदाबाईसारखं सांभाळा.

आता मी नर्मदाबाईच्या ओसरीवर असतो, भिंतीवरच्या कोळशाच्या नदीखाली. यंदाही तिने ती नदी सोडूनच सारवलंय. तांड्यावरून कुणी आलं, की ती मला पुढे करते आणि म्हणते, "बसा. आधी पाणी प्या."